बोलण्यात पुढे, वहीत मागे: अशा मुलासाठी काय घ्यावं, काय घेऊ नये

‘देवनागरी अक्षरसंच’ असं लिहिलेली पेटी घेण्याआधी ती उघडून ‘ळ’ आहे का ते पाहा. हिंदीसाठी बनवलेल्या संचात तो नसतो. कमळ, बाळ, शाळा, फळा हे पहिलीतले अगदी रोजचे शब्द, आणि त्यातलं अक्षरच पेटीत नाही. ज्या मुलाला अक्षर डोळ्यांत साठवायलाच वेळ लागतो, त्याच्यासाठी ही चूक लहान नाही.

ही पारख एका विशिष्ट मुलासाठी आहे. वय सहा ते आठ. प्रश्न विचारून भंडावून सोडणारं, ऐकलेली गोष्ट तपशिलासह सांगणारं, तोंडी हिशोबात चटपटीत. वही उघडली की मात्र अर्ध्या तासात दोन ओळी, त्याही रेघेबाहेर. शाळेतून शेरा येतो ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही’. अशा मुलाच्या बाबतीत बहुतेक वेळा हात आणि डोळा मागे असतात, डोकं नव्हे. म्हणून प्रत्येक वस्तूला आम्ही एकच कसोटी लावली आहे: ही वस्तू हाताचं आणि डोळ्याचं ओझं कमी करते का, आणि ते करताना विचार बाळबोध करून टाकत नाही ना? दुसऱ्या अर्ध्यात फार वस्तू नापास होतात. सात वर्षांच्या, ज्वालामुखीबद्दल बोलणाऱ्या मुलापुढे ‘अ अननसाचा’चा रंगीत तक्ता ठेवला तर त्याचा अपमान होतो, आणि ते त्याला बरोबर कळतं.

सगळ्यात आधी खरखरीत अक्षरांबद्दल, कारण पैसे वसूल होतील अशी ही पहिली वस्तू. लाकडी किंवा पुठ्ठ्याच्या पाटीवर पॉलिश पेपरचं कापलेलं अक्षर चिकटवलेलं असतं. मूल तर्जनी आणि मधलं बोट त्यावरून लिहिण्याच्या दिशेनं फिरवतं आणि त्याच वेळी अक्षराचा आवाज काढतं. बोट, डोळा, कान तिन्ही एकाच वेळी कामाला लागतात. कल्पना इटलीच्या शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसोरीबाईंची. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं तेव्हा महागडी साधनं बाजूला ठेवून शंख-शिंपले, बिया, खडे अशा हाताशी असलेल्या वस्तू वापरल्या. म्हणून घरी बनवलेला संच दुय्यम असतो असं मानायचं कारण नाही. या एका वस्तूच्या बाबतीत तर घरचाच जास्त चांगला होतो.

विकतच्या संचात पाहायच्या गोष्टी अशा. ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत का? महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयानुसार पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ हीच प्रमाण रूपं आहेत, पाठ्यपुस्तकातही तीच असतात. पेटीतला ‘ल’ दंडाचा, म्हणजे हिंदीसारखा उभ्या रेघेचा असेल तर मूल बोटानं एक अक्षर शिकणार आणि पुस्तकात दुसरं पाहणार. ‘झ’ही तपासा, हिंदी वळण वेगळं असतं. मग अक्षराच्या रेषेची जाडी. ती साधारण एक सेंटिमीटर हवी. त्याहून बारीक रेषेवरून दोन बोटं घसरतात आणि मूल रेषा सोडून पाटीच घासत बसतं. अक्षराची उंची नऊ-दहा सेंटिमीटर ठीक. कुठून सुरुवात करायची तिथे हिरवा ठिपका हवा. नसेल तर घरी स्केचपेननं द्या.

आणि शिरोरेषा. इथे आम्ही बऱ्याच उत्पादकांशी असहमत आहोत. ते शिरोरेषासुद्धा खरखरीत करतात, त्यामुळे मूल सुरुवात तिथूनच करतं आणि अक्षर तिला लटकवतं. शिरोरेषा गुळगुळीत, नुसती रंगानं काढलेली असावी. तिच्यातली तुटही दिसली पाहिजे. ‘भ’, ‘ध’, ‘थ’ यांच्या डोक्यावर रेघ अर्धवट असते. ती पूर्ण ओढली की ‘ध’चा ‘घ’ आणि ‘भ’चा ‘म’ दिसू लागतो. वहीत ‘धर’च्या जागी ‘घर’ दिसतं, बाई लाल खूण करतात, आणि घरी समजूत होते की पोराला ‘ध’ येत नाही. त्याला ‘ध’ येत असतो. शब्द लिहून झाल्यावर सगळ्यांवर एकच सरळ रेघ ओढायची सवय लागलेली असते, चूक तिची.

घरी बनवायचा असेल तर हार्डवेअरच्या दुकानातून १२० नंबरचा पॉलिश पेपर आणा. ८० नंबर बोटाला टोचतो, मूल दोन दिवसांत हात लावेनासं होतं. २२० इतका बारीक की पुठ्ठ्यापेक्षा वेगळा लागत नाही. पाटीसाठी जाड पुठ्ठा पाच बाय सहा इंच, स्वर एका रंगाचे, व्यंजनं दुसऱ्या. अक्षर पॉलिश पेपरच्या पाठीवर काढतात, तेव्हा ते उलटं काढायला लागतं. हे विसरलं की कापून झाल्यावर आरशातला ‘क’ हातात येतो आणि अख्खा कागद फुकट. सोपा उपाय म्हणजे पातळ कागदावर अक्षर लिहायचं, कागद उलटून पाठीवर चिकटवायचा आणि दिसणाऱ्या रेषेवरून कापायचं. यासाठी जुनी कात्री घ्या, चांगलीची धार जाते. फेव्हिकॉल पातळ लावून रात्रभर जड पुस्तकांखाली दाबा. जास्त लावला तर पुठ्ठा वाळताना वाकडा होतो आणि पाटी टेबलावर डुगडुगते.

वापरताना सर्वांत जास्त चूक क्रमात होते. क, ख, ग, घ असं जाऊ नका. तो क्रम उच्चारस्थानांचा आहे आणि सुंदर आहे, पण वाचायला शिकण्याचा नाही. ‘कखगघ’तून एकही धड शब्द होत नाही. म, क, स, ल, प, न, र आणि काना एवढ्यावर सुरुवात करा. मामा, काका, नाक, कान, साप, पाल, मका, रस, पान, लाल असं मुलाचं निम्मं जग यात बसतं. एका वेळी तीन पाट्या, दहा मिनिटं. आधी ‘हा म’ असं सांगायचं. मग ‘म कुठला, दाखव’. शेवटी बोट ठेवून ‘हा कोणता?’. तिसऱ्या पायरीवर अडलं तर उत्तर सांगून टोकू नका, मुकाट्यानं पहिल्या पायरीवर या. ‘भ’ आणि ‘म’, ‘घ’ आणि ‘ध’, ‘थ’ आणि ‘य’, ‘ब’ आणि ‘व’ यांची एकाच आठवड्यात गाठ घालू नका. एक पक्कं झालं की दुसरं. दोन्ही एकदम शिकवली की दोन्ही कायमची डळमळीत राहतात.

दुसरी वस्तू सुट्या अक्षरांची. फ्रिजला चिकटणारी चुंबकी देवनागरी अक्षरं दिसायला मोहक असतात. इंग्रजी अक्षरं ओळीत मांडली की शब्द होतो, देवनागरीत तसं होत नाही. मात्रा वर जाते, उकार खाली, पहिली वेलांटी बोलताना नंतर येते पण लिहिताना आधी. चुंबकी संचात ‘ि’ हा सुटा तुकडा ‘क’च्या शेजारी ठेवला की मधे फट राहते, शिरोरेषा तुटते आणि मुलाला ‘कि’ ऐवजी दोन वेगळ्या वस्तू दिसतात. मात्रेचे तुकडे बारीक, हरवायला सोपे. आमचं मत स्पष्ट आहे: हा संच घेऊ नका.

त्याऐवजी ही युक्ती करा, खर्च शंभर रुपयांच्या आत. कार्डशीटवर सारख्या मापाची व्यंजनं, चार बाय पाच सेंटिमीटरच्या कार्डांवर, शिरोरेषा सगळ्यांची एकाच उंचीवर. मग कागदपत्रं ठेवायची पारदर्शक प्लॅस्टिकची फाइल घ्या, तिचे त्याच मापाचे तुकडे कापा आणि प्रत्येकावर पक्क्या मार्करनं एकेक खूण काढा: काना, दोन्ही वेलांट्या, दोन्ही उकार, मात्रा, अनुस्वार. ‘म’च्या कार्डावर वेलांटीचा तुकडा ठेवला की ‘मि’, उचलला की परत ‘म’. तोच तुकडा ‘क’वर ठेवला की ‘कि’. बाराखडीचा तक्ता रोज घोकून जे कळत नाही ते इथे दोन दिवसांत कळतं, की खूण एक आहे आणि ती सगळ्यांना सारखीच लागते. हुशार मुलाला नियम सापडला की तो थांबत नाही, स्वतःच ‘ळि’, ‘ञि’ बनवून हसत बसतो. बनवू द्या. एक अडचण आहे: ‘र’ला उकार वेगळ्या जागी लागतो, ‘रु’, ‘रू’. त्यांची वेगळी कार्डं करा, नाहीतर नियम मोडल्यासारखा वाटतो. रफार आणि जोडाक्षरं या संचात आणायची घाई नको.

या कार्डांचा खरा उपयोग लिहिण्याआधीच्या लिहिण्यासाठी आहे. पेन्सिल धरून ‘साप’ लिहायला ज्याला दोन मिनिटं लागतात, तोच मुलगा कार्डं मांडून ‘काल पाल पळाली’ असं अख्खं वाक्य करतो. त्याच्या डोक्यातलं वाक्य पहिल्यांदाच डोक्याबाहेर, दिसेल असं येतं. तुम्ही ते त्याच्यासमोर वहीत उतरवून घ्या, तारीख टाका. ऱ्हस्व-दीर्घ या टप्प्यावर दुरुस्त करू नका. बोलताना तो फरक फारसा ऐकूच येत नाही, त्यामुळे ऐकून लिहिणारा मुलगा ‘पाणि’ लिहिणारच. शब्दाच्या शेवटी वेलांटी-उकार सहसा दीर्घ असतात, एवढा एक नियम सांगा. नियम आवडणारं मूल तो लगेच धरतं.

चित्रांची फ्लॅशकार्डं विकत घेऊ नका. हुशार मूल चित्र पाहून शब्द सांगतं, सगळ्यांना वाटतं वाचता येतंय. ‘पाणी’ लिहिलंय, चित्र नळाचं, मूल म्हणतं ‘नळ’. तोंडपाठ करून ‘वाचण्या’त ही मुलं इतकी तरबेज असतात की पहिली संपेपर्यंत कोणाला कळत नाही. खात्री करायची असेल तर शिकवलेल्या अक्षरांतून निरर्थक शब्द लिहा: कासप, लमार, पनास, सकान. असे दहा. यात अंदाज चालत नाही. दहातले आठ नीट आले तर अक्षरं पक्की झाली. चार-पाचच आले तर मूल आजवर वाचत नव्हतं, ओळखत होतं.

खाचांची जादूची वही, म्हणजे कोरलेल्या अक्षरांतून पेन फिरवायचं आणि थोड्या वेळानं शाई उडून जायची, हिला सध्या मोठी मागणी आहे. आठवडाभर उभ्या-आडव्या रेषा, अर्धगोल यांच्यासाठी चालेल. अक्षरांसाठी नाही. पेन खाचेत अडकून आपोआप चालतं, त्यामुळे मूल दिशा ठरवत नाही, आवाज काढत नाही, पाहतही नाही. खालून वर, उजवीकडून डावीकडे, कसंही फिरवलं तरी अक्षर ‘बरोबर’च येतं. चुकीचं वळण इतकं घट्ट बसतं की नंतर सोडवायला महिने जातात.

पेन्सिलीसाठी थोडक्यात. त्रिकोणी, जाड, २बी. एचबीला दाब जास्त लागतो आणि ही मुलं आधीच इतकी दाबतात की मागच्या पानावर अक्षरं उमटतात. रबरी ग्रिप घ्यायची तर साधी त्रिकोणी घ्या; बोटांसाठी खळगे असलेली ग्रिप उजव्या हाताची डाव्या हाताला चालत नाही. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे पाटी आणि इंचभर खडूचा तुकडा. तुकडा इतका आखूड असतो की मूठ वळून धरताच येत नाही, तीन बोटं आपोआप जागेवर येतात. पाटी उभी टेकवून लिहायला दिली तर मनगटही योग्य कोनात वळतं. टेबलावर लिहिताना वहीखाली जुनी बॉक्स फाइल आडवी ठेवा, तिचा उतार पुरतो. डावखुऱ्या मुलाची वही अशी तिरकी ठेवा की तिचा वरचा डावा कोपरा उंच राहील. मग हात लिहिलेल्यावरून घासत जात नाही.

वही मात्र विचार करून घ्या. चौरेघी इंग्रजीसाठी आहे, तिच्यात मराठी लिहायला लावणं हा निव्वळ छळ. देवनागरी अक्षर वरच्या रेघेला लटकतं, खालच्या रेघेवर उभं राहत नाही. दुरेघी घ्या, रेघांमध्ये किमान बारा-पंधरा मिलिमीटर अंतर हवं. मिळत नसेल तर घरी आखून झेरॉक्स काढा. वरची रेघ बोटाला जाणवावी म्हणून रिफिल संपलेल्या बॉलपेननं पट्टी धरून मागच्या बाजूनं दाबून ओढा, पुढे उंचवटा येतो. अक्षर तिथे टेकवायला डोळ्यासोबत हाताचाही आधार मिळतो. गणिताला एक सेंटिमीटरच्या चौकटींची वही. बेरजेतले एकक-दशक घसरून चुकणारी उत्तरं यानं कमी होतात.

गणिताचं म्हणाल तर गणितमाळ घ्याच. शंभर मणी, दहा एका रंगाचे, दहा दुसऱ्या, आलटून-पालटून. दिल्लीच्या जोडो ज्ञान संस्थेनं ती भारतातल्या शाळांत रुजवली. घरी करायची तर दहा मिलिमीटरचे दोन रंगांचे मणी आणा, पुण्यात रविवार पेठ, मुंबईत भुलेश्वर. शंभर मणी म्हणजे एक मीटर, पण दोरी सव्वा मीटर ठेवा. मोजलेले मणी थोडे सरकवता आले पाहिजेत. घट्ट ओवलेली माळ निरुपयोगी. खूण म्हणून कपड्यांचा छोटा चिमटा. तो मण्यावर लावायचा नाही, मोजलेल्या मण्यांच्या नंतर लावायचा. मण्यावर लावला की मूल तो मणी कधी धरतं, कधी सोडतं, आणि उत्तर एकानं हुकत राहतं.

मराठी मुलाला ही माळ जास्तच लागते, कारण आपली संख्यानामं उलटी आहेत. ‘सत्तावीस’ म्हणताना सात आधी ऐकू येतो, लिहिताना दोन आधी. ऐकलं तसं लिहिणारा ७२ लिहितो आणि त्याच्या दृष्टीनं त्यात चूक काहीच नसते. बालभारतीनं २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात ‘वीस सात’सारखं वाचन जोडीनं दिलं तेव्हा केवढा गदारोळ झाला! भाषेच्या प्रेमापोटी झाला हे कबूल, पण अडणाऱ्या मुलांसाठी ती पायरी मोलाची आहे. माळेवर चिमटा लावून तीन नावं म्हणायला लावा: ‘दोन दशक सात, वीस सात, सत्तावीस’. तिन्ही एकाच जागेची नावं. मग ‘एकोणतीस’. चिमटा तिसाच्या पुढे ठेवा, एक मणी मागे या. नावातच लिहिलंय, एक ऊन तीस, म्हणजे तिसाला एक कमी. एकोणचाळीस, एकोणपन्नास, पार एकोणनव्वदपर्यंत हाच न्याय. नव्व्याण्णवला तो मोडतो. तो कुठे मोडतो ते मुलालाच शोधू द्या. दोन ओळी लिहायला कंटाळणारी मुलं या शोधात गढून जातात.

वाचायला पुस्तकं हवीत, आणि ती दोन ढिगांत हवीत. एक त्यानं स्वतः वाचायचा, सोप्या अक्षरांचा. दुसरा तुम्ही वाचून दाखवायचा, त्याच्या डोक्याच्या उंचीचा: प्राणी, यंत्रं, अवकाश, इतिहास. पहिल्या ढिगासाठी दुसरा बंद करणं ही घरोघरी होणारी चूक आहे. ‘आधी स्वतः वाचायला शीक, मग गोष्ट’ म्हटलं की त्याचा शब्दसंग्रह वाढायचा थांबतो. प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे पुस्तकांचं संकेतस्थळ २०१५ पासून मोफत आहे, मराठी पुस्तकं भरपूर, चार पातळ्यांत लावलेली. पण पहिल्या पातळीवर विसंबू नका, तिथेही जोडाक्षरं भेटतात. छापण्याआधी पुस्तक पूर्ण चाळा. चित्रावर छापलेला मजकूर या मुलांना जड जातो, मोकळ्या पानावर मजकूर असलेलं निवडा. बालभारतीची पुस्तकंही मोफत उतरवून घेता येतात. ए-४ पान १४१ टक्क्यांनी मोठं केलं की बरोबर ए-३ होतं, अक्षरं आणि ओळींतलं अंतर दोन्ही वाढतं. वाचताना खालच्या ओळी झाकायला पोस्टकार्डाएवढा कागद पुरतो. रंगीत पारदर्शक पट्ट्या, रंगीत काचांचे चष्मे यांवर पैसे घालवू नका. त्यांनी वाचन सुधारतं याला भक्कम आधार नाही. ‘मेंदू जागृत’ करणाऱ्या शिबिरांचा तर विचारही नको.

तीन महिने रोज पंधरा-वीस मिनिटं देऊनही निरर्थक शब्दांची परीक्षा चार-पाचवरच अडली असेल तर तपासणीकडे वळा. आधी डोळे आणि कान, मगच बाकीचं. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं तयार केलेली ‘डाली’ ही वाचनदोषाची चाचणी हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत आहे. मराठी माध्यमातल्या मुलाची इंग्रजीतून तपासणी करणाऱ्याकडे जाऊ नका, निकालाला अर्थ राहत नाही. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात यासाठी वेगळा विभाग आहे. ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातली अडचण) असं ठाम निदान सहसा आठव्या वर्षानंतर करतात, पण मदत सुरू करायला निदानाची वाट पाहायची नसते.

बुद्ध्यांकाचा अहवाल मिळेल तेव्हा एकूण आकड्यावर थांबू नका. आपल्याकडे अजूनही पुष्कळ ठिकाणी वापरली जाणारी मालिन यांची चाचणी नागपुरात १९६९ साली बेतली गेली, तिचे मापदंड जुने आहेत हे लक्षात ठेवा. उपचाचण्यांचे गुण वेगवेगळे लिहून मागा. साम्य शोधणं आणि शब्दसंग्रह यांत खूप वर, अंक लक्षात ठेवणं आणि खुणा भराभर उतरवणं यांत खूप खाली, अशी दरी असेल तर सरासरी काढल्यावर आकडा ‘सर्वसाधारण’ येतो आणि मुलाची हुशारीही झाकली जाते, अडचणही. अहवालात ती दरी शब्दांत लिहून घ्या, आणि शाळेत काय बदलावं तेही: फळ्यावरून उतरवणं कमी, तोंडी उत्तराला गुण, लिहायला जास्त वेळ, शुद्धलेखनाचे गुण मजकुरापासून वेगळे. ‘सराव वाढवावा’ एवढंच लिहिलेला अहवाल परत करून नेमका सराव विचारा.